लायबरीचं पिक्चर आन माजी पाठ

आमच्या पंचक्रोशीत पिक्चरमधी काम केल्याला पयला मानूस मी. त्या पिक्चरमधी सुरवातीपासनं शेवटपतोर माजी निस्ती पाठ दिसती, आन ती बी उसवल्याल्या सदऱ्यातली.

हे पिक्चर काढलं आमच्या सुभेदारांनी. गावची लायबरी त्येंच्या ताब्यात हुती, आन लायबरीच्या दारातली बादली माज्या ताब्यात. उंब्रजच्या अलीकडं आत वळलं की आमचं गाव. ऊस, गुऱ्हाळं आन घरटी येक मानूस फौजेत. सुभेदार बी फौजेतनंच रिटायर हून आल्यालं. त्यास्नी कुणी "सुभेदार" म्हणून हाक मारली की ते थांबायचे आन म्हणायचे, "नायब." म्हंजी नायब सुभेदार. गावानं येकदा बी त्येंचं ऐकलं न्हाई, आन त्येंनी येकदा बी दुरुस्ती सोडली न्हाई. त्येंची बायकू वारली तवा कोरेगावचा पावना भेटाया आला. गळ्यात पडून म्हणाला, "सुभेदार, लय वाईट झालं." सुभेदार म्हणाले, "नायब. व्हय, वाईटच झालं."

फौजेत त्येंनी बंदूक लय चालवली न्हवती. पलटनीच्या वाचनखोलीचं क्लार्क हुते ते. पर कवायत सगळी अंगात भिनल्याली. लायबरीच्या दारात बादली, साबण आन पंचा. आत जायचं तर हात धुवायचं, पुसायचं आन सुभेदारांफुडं दोनी हात पसरून उभं ऱ्हायाचं. आदी तळवं बगायचे. मग "पलट" म्हणले की हात उलटं करायचं. नखात काय दिसलं की "पीछे मुड." मग तालुक्याचा सायब का असंना, पुन्हा बादलीकडं. गुऱ्हाळाच्या दिसांत तर साऱ्या गावाचं हात चिकाट असायचं. गूळ रांधणाऱ्या येका गुळव्याला त्येंनी इतक्यांदा माघारी लावला की त्यो पुस्तकाचा नाद सोडून निस्तं हात धुवायलाच यायला लागला. साबणाचा वास चांगला हाय म्हणायचा.

मी दारात बसून पानी घालायचो आन लोकांची पायतानं राखायचो. मला आत जायाला बंदी न्हवती. पर मला वाचाया येत न्हाई, तवा आत जाऊन करू काय? साळंत मी पयल्या दिवशी गेलो तवा मास्तरांनी माज्याकडं बगितलं, मी मास्तरांकडं बगितलं, आन दोगांनी बी ठरवलं की नको.

सुभेदार मला अदनंमदनं म्हणायचे, "गड्या, हात धू आन आत ये. अक्षरं दावतो."

मी म्हणायचो, "आवं, मग पायतानं कोण बगंल?"

ते म्हणायचे, "हां. ते बी हाय."

रविवारी पुस्तकांची सिक परेड असायची, फौजेत आजारी शिपायांची असती तशी. कसर लागल्याली, शिवण निसटल्याली पुस्तकं अंगणात उन्हाला वळीनं मांडायची. सुभेदार बगलंत काठी घालून वळीफुडनं चालायचे. मी मागनं खळीचा डबा घिऊन.

"ह्याला काय झालं?"

"पाठ मोडलीया."

"चिकटव. आठवडाभर रजा."

मग त्या आठवड्यात ते पुस्तक कुणी मागाया आलं की सुभेदार सांगायचे, "रजेवर हाय." येकदा साळंचं गुरुजी लय तापले. "आवं, पुस्तकाला कसली रजा?" सुभेदार म्हणाले, "तुमास्नी मे म्हयन्यात कसली असती?" गुरुजी पुन्हा रजेचं बोलले न्हाईत. पर दुसऱ्या गोष्टीवरनं भांडाया रोज यायचे.

खरं सांगायचं तर लायबरीत येनारं गिऱ्हाईक म्हंजी हेच. गुळव्या साबणासाठी, गुरुजी भांडायसाठी, आन दोन-चार म्हातारी मानसं पेपरासाठी. ती बी पेपर उन्हात धरून बगायची आन झोपायची.

आता माजा दुसरा धंदा सांगतो, कारण फुडचं सगळं त्येच्यावरनं झालं. गावात आवतान द्यायचं काम माजं. लगीन असू दे, बारसं असू दे, जावळ असू दे, जेवायला बोलवायचं तर दारोदार सांगाया मीच. आवाज माजा असा की वरच्या आळीत बोललो की खालच्या आळीत म्हस दचकायची. आवतान दोन परकारचं. "घरटी येक" म्हणलं की घरातल्या येकानं जायाचं. आन "चूलबंद" म्हणलं की सारं घर, ल्हानथोर, म्हातारंकोतारं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच न्हाई. लोकं आपापलं ताट-तांब्या घिऊन येत्यात आन वळीनं बसत्यात. माजा आवाज कानावर आला की बायका ताटं घासाया घ्यायच्या. मी काय बोललो ते मागनं इचारायच्या.

येक दिवस सरपंच लायबरीत आले. हात न धुताच आले, म्हणून मला वाटलं भांडान हुनार. सुभेदारांनी त्येंचे हात बी बगितले न्हाईत. तवाच मला कळायला पायजे हुतं.

सरपंच म्हणाले, "सुभेदार..."

"नायब."

"हां, तेच. ही खोली पायजे. सोसायटीचं खत पावसात भिजतंय. आन हितं तर मानूस दिसत न्हाई."

"पुस्तकं हायती की."

"पुस्तकं मत देत्यात व्हय?" सरपंचांनी कपाटावर टिचकी मारली. "यात्रा हू द्या. यात्रंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंच घिऊन येतो. दारात मानसं दिसली तर ऱ्हाऊ द्या तुमची लायबरी. न्हाई दिसली तर पुस्तकं कपाटासकट साळंच्या माळ्यावर."

साळंच्या माळ्यावर घुशी हुत्या. मागं तितं ठेवल्याला नकाशा घुशींनी खाल्ला, त्यात निम्मा देश गेला हुता.

सरपंच गेल्यावर सुभेदारांनी पेन्शिल घेतली आन टोक काडाया लागले. टोक आलं तरी थांबंनात. पार बोटाएवढी ऱ्हायली तवा खाली ठेवली. त्या खोलीबाहीर त्या मानसाचं काय न्हवतंच. घरी ते निस्तं झोपाया जायचे, ते बी कुलूप लावून पुन्हा येकदा वढून बगायचे आन मग.

दुसऱ्या दिवशी त्येंनी घरनं येक कातडी पेटी आनली. आत क्यामेरा. फोटूचा न्हवं, हालत्या चित्राचा. पलटनीतल्या कुण्या बड्या सायबानं विलायतेला जाताना दिल्याला. दावायचं यंत्र बी संगट. चावी दिली की क्यामेरा शिवणयंत्रावानी घर्र करायचा.

सुभेदार म्हणाले, "यात्रंत तंबूचं टॉकीज येतंय. सारा गाव तितं असतो. तितं आपून लायबरीचं पिक्चर दावायचं. लोक बगतील, लोक येतील."

"आन पिक्चरमधी काम कोण करनार?"

त्येंनी इकडं बगितलं, तिकडं बगितलं. गुळव्या हात धुवून गेला हुता. ऱ्हायलो मी.

रीळ ल्हान हुतं आन येकच हुतं. म्हणून सुभेदारांनी आदी रीळ न घालताच कवायत लावली. मी दारातनं यायचं, हात धुवायचं, पुसायचं, आत जाऊन बसायच्या पट्टीवर मांडी घालायची. सुभेदारांचा नेम असा की पुस्तक भुईवर ठेवायचं न्हाई. म्हणून वाचणाऱ्याफुडं पाट, आन पाटावर पुस्तक. ते सोता येऊन माज्याफुडं पाटावर पुस्तक ठेवनार, मी ते उघडनार आन वाचनार. म्हंजी, बगत बसनार.

पर क्यामेरा घर्र झाला की मला हसू यायचं. माजं दात आदीच फुडं, त्यात हसू. सुभेदारांनी लय सोसलं. शेवटी म्हणाले, "गड्या, तोंड तिकडं कर."

"मग लोकांस्नी काय दिसंल?"

"लायबरी दिसंल."

असा मी पाठमोरा हिरो झालो.

रीळ घालून केलं तवा गुरुजींनी क्यामेरा धरला, कारण सुभेदारांस्नी पुस्तक ठेवाया यायचं हुतं. सुभेदारांनी "सावधान" म्हणलं आन गुरुजींनी चावी सोडली. मी हात धुवाया लागलो. सुभेदार बाजूनं सांगाया लागले, "अंगठा. अंगठा ऱ्हायला. बोटांच्या मदी. पलट. नखं." हात असं धुतलं की माज्या लग्नात बी न्हवतं धुतलं. मग पंच्यानं येकेक बोट पुसाया लावलं. मग आत जाऊन मी मांडी घातली. सुभेदार आले, वाकले, पाटावर पुस्तक ठेवलं. मी हात फुडं केला, आन क्यामेरा गप झाला.

रीळ धुवाया म्हमईला पोष्टानं गेलं आन यात्रंच्या तोंडाला परत आलं. लायबरीच्या भितीवर आमी दोगांनी बगितलं. हात, साबण, फेस, हात, पंचा, मांडी, पाट, पुस्तक, माजा हात, आन पांढरं.

मी म्हणलं, "सुभेदार..."

"नायब."

"पुस्तक उघडल्यालं कुटंय?"

"रीळ संपलं."

"मग?"

सुभेदारांनी जरा इचार केला. "हात सोच्च दिसत्यात," म्हणाले.

तंबूवाला भला मानूस. मेन पिक्चरच्या आदी लोक आत येऊन बसत्यात, तेवड्यात तुमचं उरका म्हणाला. आता ह्या पिक्चरला आवाज न्हवता. तवा भोंग्यातनं बोलायचं काम माज्याकडं. सुभेदारांनी मला चार वाक्यं शिकवली हुती. "ग्रंथालय हे आपणां सर्वांचे आहे. आबालवृद्धांनी लाभ घ्यावा." फुडची दोन मला तवा बी येत न्हवती. मी बादली भरताना म्हणायचो, म्हसरं पाजताना म्हणायचो. बायकू म्हणाली, "ह्यास्नी देवरुशाकडं न्या."

दिवेलागणीला तंबू भरला. बायका येका अंगाला, गडी येका अंगाला, वाडीवस्तीवरचं लोक बैलगाड्या सोडून आल्यालं. सुभेदार मागं जनरेटरच्या शेजारी यंत्र धरून बसल्यालं, फौजेची टोपी घालून. मी पडद्याच्या बगलंला, भोंग्यात बोलायचं बोंडुक हातात घिऊन. यंत्र सुरू झालं. एवड्या मोठ्या पडद्यावर मधोमध दाराएवढं चित्र पडलं, आन त्यात माजी पाठ.

"ह्यो कोन रं?"

"सदरा बग की. आवतानवालाच हाय."

"हात किती धुतोय."

"जेवाया बसतोय जनू."

मी बोलाया तोंड उघडलं आन आतनं काय येईना. ग्रंथालय गेलं, आबाल गेलं, वृद्ध गेलं. फुडं सारा गाव बसल्याला, हातात भोंगा, पडद्यावर मी हात धुवून मांडी घालतोय आन सुभेदार वाकून पाटावर काय तरी वाढतायत. मला येवडंच कळलं की ह्या मानसांस्नी उंद्या सकाळी लायबरीफुडं आनायचंय. आन मानसं आनायची माज्या तोंडाला येकच रीत ठावं.

मी वरडलो, "उंद्या सकाळी समद्यांनी लायबरीफुडं यायाचं हो. चूलबंद हाय, चूलबंद."

मग ज्या टाळ्या पडल्या, तशा मेन पिक्चरमधल्या मारामारीला बी पडल्या न्हाईत.

सुभेदारांच्या कानाशी जनरेटर. त्यास्नी माजा शबूद ऐकू आला न्हाई, टाळ्या दिसल्या. परत जाताना त्येंनी टोपी काडून काखंत घातली. मग म्हणाले, "लोकांस्नी हात आवडले."

मला बी वाटलं, आसंल. हातच आवडले असतील.

सकाळी मी बादली भरतोय, तवर गंगूआत्या आली. वरच्या आळीची म्हातारी, येकटी, तोंडानं फटकळ. काखंत ताट, हातात तांब्या.

"कुठं बसायचं रं?"

"आत्या, ताट कशाला?"

"मग काय पदरात वाढतोस?"

तिच्यामागनं तालमीचं वस्ताद आले, ताट घिऊन. त्येंच्या मागनं खालची आळी. मग वाडीवरनं बैलगाडी आली, त्यात ताटंच ताटं. मी पळत सुभेदारांच्या घरी गेलो. ते बुटाला पालिश करत हुते.

"लोक आलीत," मी म्हणलं.

"किती?"

"ताटं घिऊन आलीत."

त्येंचा ब्रश थांबला. मी सगळं सांगितलं. त्येंनी बूट उचलला. मला वाटलं आता बूट येतोय. पर त्येंनी त्यो पायात घातला, दुसरा घातला, नाड्या बांधल्या आन म्हणाले, "सरपंच कवा येनार?"

"घटकाभरात."

"चूलबंद म्हणलास?"

"व्हय."

"मग जेवान करावं लागंल," म्हणाले. त्येंच्या घरात वर्साचा तांदूळ हुता, तो सगळा काडला. गुळव्याच्या गुऱ्हाळावरची गूळ कढवायची काहील मागवली, आन पलटनीतनं रिटायर झाल्याला येक लांगरी, म्हंजी फौजेचा आचारी हुता, त्येला चुलवानावर उभा केला. मग लायबरीफुडं येऊन भुईवर काठी आपटली.

"हात धुवायचं. वळीनं. येकाफुडं येक."

सारा गाव हात धुवाया लागला. मी पानी घालून घालून वाकलो. सुभेदार येकेकाचे हात बगत हुते. वस्तादांस्नी नखांवरनं माघारी धाडलं. वस्ताद पुन्हा बादलीपशी आले. पंगतीत हात धुवायचं तर धुवायचंच. मग लायबरीफुडच्या मैदानात वळी बसल्या.

सुभेदार मला म्हणाले, "वाढ."

"काय?"

"आत हाय ते."

मी परातीत पुस्तकं भरली आन वाढाया लागलो. वाचाया येत न्हाई, तवा हाताला यील ते. वस्तादांच्या ताटात ल्हान पोरांच्या लोकरी टोप्यांचं इनकाम पडलं. गुरवाच्या ताटात कोंबडीपालन. येका नव्या नवरीच्या ताटात इच्चू चावल्यावर काय करायचं ते.

"आरं, भात कुठाय?" लोक म्हणाया लागले.

सुभेदार इष्टुलावर उभं ऱ्हायले. "भात शिजतोय. काहील मोठी हाय, येळ लागंल. तवर ताटातलं बगा. ज्याला वाचता येत न्हाई त्येनं शेजाऱ्याकडनं ऐका."

करतील काय? घरात चुली बंद. कुणी तरी पान उलाटलं. गुरवानं कोंबड्यांचं मोठ्यानं वाचाया सुरवात केली. गंगूआत्याच्या शेजारी पाटलाची शिकल्याली सून हुती, ती आत्याच्या ताटातली कुण्या राजाच्या परागंदा लेकीची गोष्ट तिला वाचून दावाया लागली. मैदानावर अशी गुणगुण उटली, जशी मोहळाची माशी उटावी.

तवर सरपंच आले. मागं दोन पंच, आन त्येंच्या मागं खताची पोती भरल्याली गाडी. गाडीवान बी ताट घिऊन आल्याला. सरपंच वळीकडं बगत ऱ्हायले. दुसऱ्या वळीत त्येंचीच बायकू बसल्याली, ताटात पुस्तक.

"तू हितं काय करतीस?"

"चूलबंद हाय म्हणाला की त्यो. घरात कायबी न्हाई. बसा."

सरपंचांनी सुभेदारांकडं बगितलं. सुभेदार म्हणाले, "मानसं दिसत्यात का?"

"दिसत्यात."

"मग हात बगू."

सरपंचांनी हात फुडं केले. सुभेदारांनी तळवं बगितलं, पलट म्हणलं, नखं बगितली आन बादलीकडं बोट केलं. सरपंच हात धुवाया माज्यापशी आले. मी पानी घातलं. ते हळूच म्हणाले, "भात हाय ना रं खरंच?"

भात झाला. पर काहील गुळाची, ती कितीबी घासली तरी सोडती व्हय? भात गोड लागला. कालवण तिकाट आन भात गोड. लोकांनी गप खाल्ला. खताची गाडी वळली आन पोती तालमीच्या वसरीला लागली. वस्तादांनी ती मोकळी करून दिली, कारण त्यास्नी इनकामातल्या टोपीचं फुडचं पान पायजे हुतं आन लायबरी बंद झाली तर ते मिळनार न्हवतं. त्येंच्या नातवाला त्यात टोपी झाली. वस्तादांनीच इनली, पर हे गावात बोलायचं न्हाई.

भात आला तवा सगळ्यांचं वाचनं अर्ध्यात ऱ्हायलं, हीच खरी गोम. दुसऱ्या दिवसापासनं लोक उरल्यालं ऐकाया यायला लागले. गंगूआत्या तर रोज दुपारची यायची. दारातनंच इचारायची, "त्या पोरीचं फुडं काय झालं?" मग सुभेदार चष्मा लावून तिला वाचून दावायचे. ती मदीच त्या राजाला शिव्या घालायची. सुभेदार तेवडा येळ थांबायचे आन मग फुडं वाचायचे.

फुडं किती तरी रविवार सिक परेडला हळदीचं डाग पडल्याली पुस्तकं यायची. सुभेदार डाग बगायचे आन म्हणायचे, "ह्यो जेवून आलाय." त्या सकाळवरनं त्येंनी मला कवा येक वाकडा शबूद बोलला न्हाई. त्या वर्सी ते घरी भाकरीच खायाचे, भाताचं नाव न्हाई, एवडं मला ठावं हाय.

आन पिक्चर त्येंनी बिस्कुटाच्या डब्यात ठेवलं. दर यात्रंला लायबरीच्या भितीवर दावायचे. माजा हात पुस्तकाकडं गेला आन पांढरं झालं की सारा गाव येका सुरात म्हणायचा, "वाढा."

मागनं ती गोष्ट कुणी तरी साताऱ्याला नेली. तितनं येक सायब लायबरी बगाया आले. हात धुतले, दावले, पास झाले. आत खोली भरल्याली. गुळव्या सुद्दा आत हुता, सोच्च हातानं. सायबांनी सुभेदारांस्नी इचारलं, "एवढे वाचक आणले कसे?"

सुभेदार म्हणाले, "पिक्चर काढलं."

मला ऱ्हावलं न्हाई. मी दारातनंच म्हणलं, "सायब, पिक्चरमधी मीच हुतो. आन ह्यो सारा गाव हितं आनला त्यो बी मीच. माज्या येका आवाजावर आलाय."

गंगूआत्या पट्टीवर बसून गोष्ट ऐकत हुती. तिनं मान बी वळवली न्हाई.

"आनलास खरा," म्हणाली. "सारा गाव जेवून उटला, आन तू अजून दारात पायतानंच राखतुयास."